बाईंचे शून

माझे काका माणसाला आधी पायावरून ओळखायचे, चेहरा नंतर. एकदा भर रस्त्यात त्यांच्या सख्ख्या मेहुणीने हाक मारली, तर काका तिच्या तोंडाकडे बघत गोंधळून उभे राहिले. मग नजर खाली गेली, अंगठ्यावर चढून बसलेलं शेजारचं बोट दिसलं, आणि म्हणाले, "अरे, तुम्ही होय!" मेहुणी अजून हा किस्सा सांगते आणि सांगताना दर वेळी नव्याने चिडते.

त्यात काकांचा तरी काय दोष? सगळं आयुष्य लोकांच्या पायाशी बसण्यात गेलेलं. आमच्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून, एक लांबट खोली आहे. बाजारातला कुठलाच जोडा ज्यांच्या पायात जात नाही, त्यांचे जोडे तिथे तयार होतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं साखरेच्या आजाराने गेलेली, कुणाचं पाऊल जन्मापासूनच आत वळलेलं. काका जोड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या बापाचा हात धरून शिकले आणि ऐन तरुणपणी या खोलीत आले. इस्पितळात सगळे त्यांना मापकाका म्हणत. डॉक्टरसुद्धा. मी त्यांची पुतणी. शाळा संपल्यावर त्यांच्याच हाताखाली लागले. खिडकीशी माझं शिलाईचं मशीन, मी वरचं चामडं शिवायची; तळ, टाच आणि माप हे काकांचं राज्य.

माप घेताना काका पेशंटला तपकिरी कागदावर उभं करायचे, स्वतः गुडघ्यावर बसायचे आणि पेन्सिल सरळ उभी धरून पायाच्या कडेकडेने फिरवायचे. पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागाशी आली की भल्याभल्यांना गुदगुल्या होतात. पाय हलला की माप गेलं. म्हणून ज्याने त्याने आपापली युक्ती काढलेली असते. कुणी आकडे मोजतं, कुणी देवाचं नाव घेतं, एक कंडक्टर तर सगळे थांबे ओळीने म्हणायचा.

बाई मात्र कविता म्हणायच्या.

या बाई म्हणजे एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे डावा पाय बारीक आणि आखूड. उंची भरून काढायला त्यांच्या डाव्या बुटाला कॉर्कचा जाड थर लागायचा. दर दीड-दोन वर्षांनी त्या नवीन जोड्यासाठी यायच्या, कागदावर उभ्या राहायच्या, खुर्चीची पाठ धरायच्या आणि डोळे मिटून इंग्रजीत काहीतरी लयीत सुरू करायच्या. कविता संपायची तेव्हा दोन्ही पायांचं माप झालेलं असायचं. काकांना त्यातलं काडीचं कळत नव्हतं. इंग्रजीत ते शाळेत असताना असे आपटले होते, की त्या भाषेचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा.

एकदा बाईंचा पाय पुसता पुसता त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

"बाई, राग मानू नका, पण तुमची इंग्रजी भाषा सरळ नाही. फूटचं फीट होतं, मग बूटचं बीट का होत नाही?"

बाई म्हणाल्या, "बीट भाजीवालीकडे मिळतं म्हणून."

काका हसले. बाईही हसल्या. मग जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "पण मापकाका, तुमच्या धंद्यातला एक शब्द खरंच वेगळा व्हायचा. आता सगळे शूज म्हणतात ना? पूर्वी शून म्हणायचे. एक शू, अनेक शून."

"शून?" काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. "म्हणजे जोडेच?"

"जोडेच. जुनी रीत होती. शेवटी न लावायचा. ऑक्सन, चिल्ड्रन यांत अजून शिल्लक आहे बघा. बाकीच्या शब्दांना हळूहळू स लागला. लोकांच्या तोंडातून शून गेला आणि शूज आला. कुठे कोपऱ्यातल्या बोलीत थोडा टिकला असेल, एरवी बाजारातून गेलाच."

"मग तुम्हाला कसा माहीत?"

"कवितेत राहिला ना. मी जी म्हणते तिच्यातच आहे."

मग बाईंनी ती कविता मराठीत सांगितली. मी मशीन थांबवून ऐकत होते. एक म्हातारी भर दुपारी डोंगर उतरून नदीवर येते. काठावर जोडे काढून ठेवते आणि अनवाणी पाण्यात शिरते. जोड्यांना सांगून जाते, लवकर येते. पण ती पलीकडेच राहते, आणि जोडे पाण्याकडे तोंड करून बसून राहतात. त्यांच्यात पाऊस साचतो, गवत उगवतं, एक पाखरू घरटं करतं. एवढीच कविता. दुपार म्हणजे नून, जोडे म्हणजे शून, लवकर म्हणजे सून. तिन्हींचं यमक. बाईंना ती त्यांच्या शिक्षिकेने शिकवलेली, आणि त्या शिक्षिकेला कुणी शिकवली ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"कवितेतसुद्धा शूज घातला असता तर?" काकांनी विचारलं.

"नूनशी यमक जुळलं नसतं. ओळ लंगडली असती." बाईंनी आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. "माझ्यासारखी. आणि तिला कॉर्क लावायला तुम्ही नव्हता."

काका हसले नाहीत. गुडघ्यावर बसले होते तसेच बसून राहिले. "म्हणजे सगळ्यांनी टाकून दिला आणि कवितेने ठेवून घेतला," ते म्हणाले. "शेकडो वर्षं?"

"शेकडो वर्षं. आपल्याकडे नाही का? डॉक्टरपुढे जाऊन 'माझे चरण दुखतात' असं म्हणून बघा. पाय दुखतात, चरण कधी दुखत नाहीत. चरण कवितेत. आणि गंमत म्हणजे कवितेच्या ओळीलासुद्धा आपण चरणच म्हणतो."

त्या दिवशी काकांनी दुपारपर्यंत काही काम केलं नाही. हातात चामडं कापायची रापी धरून ती नुसतीच दगडावर घासत राहिले. घरी आल्यावर जेवताना काकूला म्हणाले, "आपण जे करतो ना, त्याला एक जुना शब्द होता. मेला होता. एका कवितेत जिवंत सापडला." काकूने विचारलं, "भात वाढू का?" तिचंही बरोबर होतं. पण काकांचा हात ताटात तसाच थांबलेला मला दिसत होता. जोड्याचं आयुष्य फार तर दोन पावसाळे, हे त्यांना पक्कं ठाऊक. आपल्या हातातल्या वस्तूचं नाव कुणीतरी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं, हे त्यांना झेपत नव्हतं.

त्यानंतर बाई आल्या की काका स्वतःच म्हणायचे, "चला, सुरू करा." ऐकून ऐकून त्यांना ती तोंडपाठ झाली. अर्थासकट नव्हे, चालीसकट. खोलीत कुणी नसलं की टाच ठोकताना पुटपुटायचे, आणि शूनवर हातोडा जरा जोरात पडायचा.

मग एकदा यायची वेळ उलटून वर्ष गेलं तरी बाई आल्याच नाहीत. आल्या तेव्हा चाकांच्या खुर्चीतून आल्या, आणि खुर्ची त्यांचा मुलगा ढकलत होता. त्यांना झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती, म्हणजे आयुष्यभर ज्या पायाने सगळा भार उचलला तोच गेला होता. आणि बोलणं गेलं होतं. काकांनी नमस्कार केला, तर बाईंनी त्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "तेच, तेच, तेच."

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आईला सगळं कळतं. माणसं ओळखते. पण शब्द येत नाही. पाणी पाहिजे असलं तरी तेच, औषध नको असलं तरी तेच. वरच्या मजल्यावर बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे रोज आणतो. त्यांनी गाणी म्हणून बघितली, पाढे म्हणून बघितले, देवाचं म्हणून बघितलं. आई नुसती बघत राहते."

डॉक्टरांनी उजव्या बुटाला लोखंडी पट्ट्या लावायला सांगितल्या होत्या. दोन्ही बाजूंनी वर पोटरीपर्यंत जाणाऱ्या, म्हणजे पाऊल लोंबणार नाही. त्यासाठी नव्याने माप हवं होतं. मुलाने आणि मी बाईंना दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. काका कागद पसरून खाली बसले. पेन्सिल पायाला टेकवली आणि थांबले. सवयीने. कविता सुरू व्हायची वाट बघत.

कविता सुरू झाली नाही. खोलीत नुसता धुलाईघराचा घरघराट. बाईंचा पाय थरथरत होता, पेन्सिलीची रेघ नागमोडी जात होती. त्यांनी खाली काकांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं काका कशासाठी थांबलेत, आणि ते देणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं.

तेव्हा काकांनी स्वतःच सुरू केली.

मी काकांना चारचौघांत इंग्रजीचा एक शब्द उच्चारताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे उच्चार म्हणजे काय सांगावं, अर्धे शब्द आमच्याच भाषेतले वाटत होते. पण चाल जशीच्या तशी बाईंची होती. पहिली ओळ झाली, नूनवर येऊन थांबली. दुसरी ओळ चालू झाली आणि शेवटच्या शब्दाआधी काकांना एकदम लाज वाटली असावी, कारण त्यांनी वर बघितलं, तर बाईंचा शिकलेला मुलगा त्यांच्याकडे बघत होता. काका गप्प झाले.

आणि वरून आवाज आला, "शून."

स्पष्ट. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावा तसा.

माझ्या हातात बाईंचा दंड होता, तो ताठ झालेला मला जाणवला. मग बाईंनी डोळे मिटले आणि पुढची ओळ म्हटली. तिच्यापुढची म्हटली. म्हातारी पाण्यात शिरली, जोड्यांना लवकर येते म्हणाली, पाऊस साचला, गवत उगवलं, पाखराने घरटं केलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. काका खाली मान घालून पेन्सिल फिरवत होते, कारण बाईंचा पाय आता हलत नव्हता. कविता संपली तेव्हा माप पुरं झालं होतं.

बाईंनी डोळे उघडले, आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तेच, तेच." आणि रडायला लागल्या. त्यांना खुर्चीत बसवलं आणि मुलगा चामड्याच्या गठ्ठ्यावर मटकन बसला.

वरच्या मॅडमना बोलावून आणलं. त्या तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी काकांना पुन्हा सुरुवात करायला लावली, पुन्हा थांबायला लावलं, आणि बाईंनी पुन्हा शब्द पुरा केला. मग मॅडमनी आम्हाला समजावलं. रोजचं बोलणं मेंदूत एकीकडून येतं, आणि पाठ झालेलं, लयीत बसलेलं दुसरीकडून येऊ शकतं. पहिली वाट बंद पडली तरी कधी कधी दुसरी उघडी असते. "मी हीच वाट शोधत होते," त्या म्हणाल्या. "पण बाईंच्या आत नेमकं काय पाठ आहे ते मला कुठून कळणार? घरच्यांनाही माहीत नव्हतं." खरंच होतं. मुलाने ती कविता कधी ऐकलीच नव्हती. बाई ती फक्त आमच्या कागदावर उभ्या राहून म्हणायच्या.

"म्हणजे आई बोलेल?" मुलाने विचारलं.

"तसं वचन मी देणार नाही," मॅडम म्हणाल्या. "खिडकी उघडलीय. दार नव्हे. पण खिडकीतूनही पुष्कळ काही देता येतं."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी सकाळी काका बाईंच्या घरी जायला लागले. निमित्त पट्ट्या कुठे रुततात का ते बघायचं. पट्ट्या बघून झाल्या की दोघं समोरासमोर बसायचे. मॅडमनी सांगितलं होतं तसं काका ओळ म्हणायचे आणि शेवटचा शब्द सोडायचे, मग शेवटचे दोन सोडायचे, मग अर्धी ओळ. इंग्रजीत नापास झालेला माणूस इंग्रजीच्या बाईंचा तास घेत होता. पहिल्या दिवशी त्यांचा एक उच्चार अगदीच वाकडा पडला, तेव्हा बाईंनी डावा हात उचलून त्यांना थांबवलं, शब्द बरोबर म्हणून दाखवला आणि काकांकडून तीनदा घोटून घेतला. काका घरी येऊन म्हणाले, "आज मला ओरडा बसला." इतका आनंदी चेहरा मी त्यांच्या नोकरीच्या बढतीच्या दिवशीही बघितला नव्हता.

आधी सुटून बाहेर आला तो नून. एका दुपारी बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि म्हटलं, "नून." कवितेशिवाय, एकटाच. बाईंची सून ताट घेऊनच येत होती, ती दारात थबकली. बाईंना भूक लागली होती आणि त्यांनी ते सांगितलं होतं.

मग एकदा मोठीच गंमत झाली. बाई पलंगावर बसल्या होत्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "सून." सून स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. "आई, मला हाक मारलीत?" आता कवितेतला सून म्हणजे लवकर. बाईंना लवकर म्हणायचं होतं की सुनेला बोलवायचं होतं, कोण सांगणार? बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, आणि त्यांनी तिच्याकडे बोट करून परत म्हटलं, "सून." त्या पोरीने सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. झटका आल्यापासून बाईंनी तिला मारलेली ती पहिलीच हाक. पुढे काकांना सांगताना ती म्हणाली, "लवकर असू दे नाहीतर मी असू दे, मी दोन्हीला ओ देते."

आणि मग एक सकाळ. ती मी बघितली नाही, काकांनीही नाही. मुलाने फोन करून सांगितली. बाहेर छान ऊन पडलं होतं. बाईंनी पलंगावरून खिडकीबाहेर बघितलं, मुलाकडे बघितलं, आपल्या पायांकडे बघितलं. मग हुकूम सोडावा तसं म्हणाल्या, "शून."

मुलाला क्षणभर वाटलं, आई कविता म्हणतेय. तो पुढच्या ओळीची वाट बघत थांबला. बाईंनी पलंगाच्या दांडीवर हात आपटला. "शून. शून." तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने कोपऱ्यातले जोडे आणले. बाईंनी मान डोलावली आणि पाय पुढे केला.

फोन ठेवल्यावर काका माझ्या मशीनशेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या चष्म्यावर चामड्याचा भुगा बसला होता, तो त्यांनी पुसला नाही.

"अगं," ते म्हणाले, "बाईंनी शून मागितले."

"चांगलं झालं ना, काका."

"तसं नव्हे. तुझ्या लक्षात येतंय का? तो शब्द कवितेत ठेवलेला होता. बाहेर कुणी वापरत नव्हतं. आज एका बाईला बाहेर जायचं होतं, जोडे हवे होते, दुसरा शब्द मिळेना, तर तोच उठून आला. आणि कामाला आला. मुलाने जाऊन जोडे आणले." ते थांबले. "मी केलेले. इतकी वर्षं मी जोडे करत होतो, बूट करत होतो. शून मी पहिल्यांदा केले."

मी उगीच दोरा ओवत बसले.

त्या घरात मग तोच शब्द रुळला. सून म्हणायची, आईंचे शून उन्हात ठेवा. कामाला येणारी बाई विचारायची, शूनला पॉलिश करू का. नातीने तर तो शाळेत इंग्रजीच्या निबंधात लिहिला. तिच्या शिक्षिकेने त्याखाली लाल रेघ मारली आणि शूज लिहून दिलं. नातीने वही आजीपुढे धरली. बाईंनी ती लाल रेघ बघितली आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग नातीचा हात धरून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "बरोबर. दोन्ही." झटक्यानंतर त्यांनी सांगितलेली ती सगळ्यात लांब गोष्ट असावी.

बाई पूर्ण बोलत्या झाल्या नाहीत, हे सांगायला हवं. मॅडम म्हणाल्या तसंच झालं. मूठभर शब्द परतले. मुलाचं नाव आलं, पाणी आलं, नको आलं, काकांसाठी माप आलं. बाकी सगळं तेच, तेचवर चालायचं. पण पट्ट्यांचे जोडे घालून, सुनेच्या खांद्यावर हात टेकून त्या रोज फाटकापर्यंत जायच्या, आणि रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसांकडे हात हलवायच्या. अशी काही वर्षं गेली. मग एका दुपारी जेवण झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या.

नंतर मुलगा खोलीवर आला. जोडे कापडात गुंडाळून आणले होते. "याचं काय करतात?" त्याने विचारलं. काकांनी सांगितलं, असे जोडे दुसऱ्या कुणाच्या पायात जात नाहीत. फक्त पट्ट्या चांगल्या असतील तर उपयोगी पडतात. मुलाने होकाराची मान हलवली. काकांनी रिबिटा काढून पट्ट्या वेगळ्या केल्या, बुटांवरची धूळ पुसली आणि दोन्ही बूट त्याला परत दिले.

पट्ट्या त्यांनी घासून लख्ख केल्या, सांध्यांत तेल सोडलं. पुढच्याच आठवड्यात झटका आलेला एक बस ड्रायव्हर आला. थोराड माणूस, तोंडाने शिव्या चालू. काकांनी पट्ट्या थोड्या वाकवून त्याच्या बुटाला लावल्या, तो उभा राहिला, आणि शिव्या थांबल्या.

"चार पावलं टाकून दाखवा," काका म्हणाले, आणि त्याच्या पायांकडे बघत बाजूला सरकले.